ड्रिल मशीनच्या गळ्यातली माळ

आमच्या शेडमध्ये ड्रिल मशीन चालवायचं असेल तर आधी ओरडता यावं लागतं.

ही गंमत नाही, परीक्षा आहे. शेडचे मालक, ज्यांना सगळे काकाच म्हणतात, शेडच्या पार टोकाला पाठ करून उभे राहतात. शेजारी ग्राइंडर चालू करून ठेवतात. परीक्षा देणाऱ्यानं दाराजवळ उभं राहून ‘बंद’ असं ओरडायचं. काकांना ऐकू आलं तर ते हात वर करतात आणि ग्राइंडर थांबवतात. मग त्या माणसाला ड्रिलच्या चकची चावी मिळते. चक म्हणजे मशीनचा तो गोल जबडा, ज्यात भोक पाडायची सळई घट्ट पकडतात. चावीशिवाय तो आवळता येत नाही, आणि चावी काकांच्या कमरेला असते.

या परीक्षेमागे नियम एकच आहे. शेडमध्ये कोणालाही काही धोक्याचं दिसलं, तर त्यानं ‘बंद’ म्हणायचं. तो शब्द कानावर पडला की प्रत्येकानं हातात असेल ते सोडायचं, एक पाऊल मागे जायचं आणि दोन्ही हात वर करायचे. कोण ओरडलं, काऊन ओरडलं, हे नंतर विचारायचं. सोयाबीनच्या मळणीयंत्रावर ज्यांनी काम केलंय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. यंत्राच्या तोंडाशी एकजण असतो आणि ट्रॅक्टरवर दुसरा, आणि मधल्या गोंगाटातून त्या दुसऱ्याला आवाज ऐकू गेला नाही तर काय होतं हे त्यांनी पाहिलेलं असतं किंवा ऐकलेलं असतं.

मी मळणीयंत्रावर कधी काम केलेलं नव्हतं. मी शाळेत व्हॅननं जायची, मेहकरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. तिथे बोलायचं असेल तर हात वर करायचा आणि टीचरचं लक्ष जाईपर्यंत थांबायचं. घरी बाबा मास्तर, दिवसभर वर्गात बोलून आलेले. त्यामुळे घरी आम्ही हळूच बोलतो, टीव्हीसुद्धा हळूच बोलतो.

शेडमध्ये मी पहिल्यांदा गेले ती काही बनवायला नाही, बघायला. डोणगावहून मेहकरकडे निघालं की गाव संपता संपता हे लांब पत्र्याचं शेड लागतं. पूर्वी काका तिथे तिफणी आणि वखरं बनवायचे. आता तयार अवजारं बाहेरून येतात, म्हणून त्यांनी शेड सगळ्यांना खुलं केलं. ज्याला जे बनवायचं ते त्यानं येऊन बनवावं, मशीन सगळ्यांची. डिप्लोमा करून मी घरी बसले होते, अर्ज पाठवत होते आणि उत्तरांची वाट बघत होते. एकदा संध्याकाळी शेडच्या दारात उभी राहिले आणि वेल्डिंगच्या निळ्या उजेडाकडे बघू नये म्हणून मान फिरवली, तर समोर खुंट्या दिसल्या.

त्या खुंट्या मला शेडमधल्या सगळ्या मशीनपेक्षा जास्त आवडल्या. दाराशी भिंतीवर लाकडी खुंट्यांची ओळ आहे. आत येणाऱ्यानं आधी तिथे थांबायचं. गळ्यातला दुपट्टा, ओढणी, घड्याळ, माळ, जे काही लोंबतं किंवा अडकतं ते खुंटीला लावायचं. बायका आपल्या नवऱ्याचा जुना शर्ट सोबत आणतात. वावरात कापूस वेचायला जाताना साडीवर शर्ट घालतात तसाच, पण इथे बाह्या कोपराच्या वर घट्ट दुमडायच्या आणि पदर शर्टाच्या आत खोचायचा. खुंट्यांखाली बुटांची रांग. अनवाणी किंवा चपलेत कोणी आत जात नाही.

मी ओढणी काढून एका रिकाम्या खुंटीला लावली. कोणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही ती खुंटी रिकामीच होती. तिसऱ्या दिवसापासून ती माझी झाली.

मला पहिलं काम मिळालं ते पेटीचं. शेडमध्ये एक सिस्टर येतात, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. जाड कापडाच्या पिशव्या शिवायचं मोठं मशीन इथे आहे, त्यासाठी त्या येतात. पण प्रथमोपचाराची पेटीही त्यांच्याच ताब्यात. मी आले तेव्हा त्या पेटीत सेलोटेप, अर्धी संपलेली बामची डबी आणि टूथपेस्ट होती.

“टूथपेस्ट कशाला?” मी विचारलं. शेडमध्ये मी विचारलेला तो पहिला प्रश्न, तोही हळूच.

“भाजल्यावर लावतात,” सिस्टर म्हणाल्या. “मी रोज फेकते, कोणीतरी रोज आणून ठेवतं. टूथपेस्ट दाताला. भाजलं की पाणी. नळाखाली धरायचं आणि मी ‘पुरे’ म्हणेपर्यंत काढायचं नाही.”

आम्ही दोघींनी पेटी नव्यानं भरली. जंतुविरहित गॉज, क्रेप बँडेज, हातमोजे, कात्री, डोळे धुवायची बाटली. पेटीला कुलूप नको असं त्यांनी निक्षून सांगितलं. दर शनिवारी त्या मला काहीतरी शिकवायच्या. रक्त थांबवायला दाबून कसं धरायचं. डोळ्यात कण गेला तर चोळणाऱ्याचा हात आधी कसा धरायचा. एकदा म्हणाल्या, “‘कोणीतरी पाणी आणा’ असं कधी म्हणू नको. कोणीच आणत नाही. एका माणसाकडे बोट दाखव आणि म्हण, तुम्ही पाणी आणा.”

बोट दाखवून कोणाला काही सांगायचं या कल्पनेनंच माझे कान गरम झाले. पण मी मान हलवली.

आणि मग मला बनवायची गोष्ट सापडली. शेडमध्ये एक काकू यायच्या. त्यांचा मळा जवळच, मिरची आणि वांग्याचा. त्या आल्या की शेडमध्ये रेडिओ लावल्यासारखं व्हायचं. मिरची तोडताना दिवसभर उकिडवं बसून त्यांचे गुडघे गेले होते. एकदा त्या बाकावर बसून गुडघे चोळत म्हणाल्या, “मले कोणी चाकाचा पाट करून दिला तर मी बसल्या बसल्या सारं वावर तोडून काढीन.”

त्या रात्री मी वहीत चित्र काढलं. दोन ओळींच्या मधून सरकेल अशी बुटकी गाडी. पाइपची चौकट, मुलांच्या मोडक्या सायकलींची चाकं, बसायला प्लॅस्टिकच्या खुर्चीची कापलेली बैठक. मी ते चित्र काकूंना दाखवलं नाही, काकांना दाखवलं. काकांनी ते उलटं-सुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, “चाकं रुंद पाह्यजे. माती मऊ हाये तिची.” म्हणजे होकार होता.

मी पाइप कापला हातकरवतीनं, कारण हातकरवतीला परीक्षा लागत नाही. कानशीनं कडा घासल्या. चाकांच्या आसासाठी जिथे भोकं पाडायची तिथे खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेवर पंच ठेवून हातोडी मारली, म्हणजे बारीकसा खळगा पडतो आणि ड्रिल घसरत नाही. मग पुढचं काम ड्रिलचं. आणि ड्रिलच्या आधी परीक्षा.

पहिल्यांदा परीक्षेला उभी राहिले तेव्हा काका टोकाला, ग्राइंडर घरघरतोय, सगळे हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघतायत. मी श्वास घेतला. आणि माझा उजवा हात वर गेला. सरळ वर, कानाला चिकटून, वर्गात जायचा तसा. मी हात वर करून उभी राहिले आणि काकांचं लक्ष जायची वाट बघत राहिले. काकांची पाठ होती माझ्याकडे.

वेल्डिंग करणारा दादा हसून हसून बाकावर बसला. “मॅडम, शू लागली का?”

दुसऱ्या खेपेला हात वर जाऊ नये म्हणून मी दोन्ही हात मागे बांधले. तोंडातून निघालं ते “अहो काका, जरा…” इतकंच. ग्राइंडर चालूच राहिला.

“आवाज कुरिअरनं पाठवला वाटते,” दादा म्हणाला. “उद्या-परवा येईन.”

मला राग आला नाही. दादाची चेष्टा सगळ्यांच्याच वाट्याला यायची. पण घरी जाताना मी मनात ‘बंद’ म्हणत होते, आणि मनातसुद्धा तो हळूच येत होता. मला ओरडायची लाज वाटत होती असंही नाही. काका बाबांपेक्षा मोठे. त्यांच्यावर, त्यांच्याच शेडमध्ये, मी ‘बंद’ म्हणून ओरडायचं? ‘बंद करा ना’ तरी म्हणावं की नाही?

हे मी काकूंना सांगितलं नाही, पण त्यांनी ते ओळखलं. एका सकाळी त्या मला वावरात घेऊन गेल्या. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं केलं.

“आता बोंबल,” म्हणाल्या. “मिरचीत पाखरं बसेल हायेत. उठवून दाखव.”

मी ‘बंद’ म्हटलं. वावरात काहीच झालं नाही.

“काऊन वं, तोंडात पेढा हाये का?” त्यांनी तोंडाशी हात धरला आणि एक हाक दिली. रोही, म्हणजे नीलगाय, हाकलायची हाक होती ती. पाखरं उठली, पलीकडच्या वावरातली कुत्री उठली, रस्त्यावरचा एक मोटरसायकलवालासुद्धा थांबून मागे बघायला लागला.

मी पुन्हा म्हटलं. मोठ्यानं म्हटलं असं मला वाटलं.

“एक बी पाखरू उठलं नाई,” काकू म्हणाल्या. मग त्या माझ्याजवळ आल्या. “पोरी, तू काय कोणाले शिव्या देऊन राह्यली का? मोठ्या माणसाले बंद म्हणणं म्हणजे त्याचा अपमान नोहे. त्याचा हात वाचवून राह्यली तू.”

मी मान हलवली. त्यांनी मिरच्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि विषय संपवला.

दसरा जवळ आला तशी मिरची तोडणीला आली. गाडी अजून पंचच्या चार खुणांवर थांबलेली. दादा एकदा माझा पाइप उचलून म्हणाला, “दे इकडे, आत्ता पाडून देतो भोकं.” चांगल्या मनानंच म्हणाला तो. मी पाइप त्याच्या हातातून काढून घेतला. इतक्या झटकन की मलाच आश्चर्य वाटलं. ती भोकं मला पाडायची होती. मी रोज येऊन त्या खळग्यांवरून अंगठा फिरवायची. काका बघायचे. एकदा म्हणाले, “दसऱ्यानंतर पाहू अजून एक वेळ.” म्हणजे माझी शेवटची खेप दसऱ्यानंतर. नाही जमलं तर भोकं दादा पाडणार आणि गाडी काकूंना वेळेवर मिळणार. काकूंचे गुडघे माझ्या हट्टासाठी थांबणार नव्हते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेड धुतलं. मला इतका उत्साह होता की मी लोखंडाचा कीस ब्रशनं गोळा करताना गुणगुणत होते. शेड सगळ्यांसाठी खुलं झाल्यापासूनचा हा पहिला दसरा. पूर्वी काका आणि त्यांचे कारागीर मिळून मशीनची पूजा करायचे, आता आम्ही सगळेच. दादानं झेंडूच्या माळा ओवायला घेतल्या. सिस्टरनी शिलाई मशीनला तेल दिलं. सगळी अवजारं पुसून एका चादरीवर मांडली: पाने, हातोड्या, करवती, माझा पंच. मी हळूच पेटीही त्या रांगेत ठेवली. काकूंनी बघितलं आणि म्हणाल्या, “ठेव ठेव. ते बी अवजारच हाये.” आग विझवायचं लाल नळकांडंही कोणीतरी आणून ठेवलं.

दसऱ्याच्या सकाळी मी नवा ड्रेस घालून शेडमध्ये पोचले. मेन स्विच मीच खाली केला, काकांना विचारून. पूजा होईपर्यंत वीज कशाला? मुहूर्ताच्या वेळी वर करू, असं ते म्हणाले. मग लोक यायला लागले. सगळे नव्या कपड्यांत. काकूंनी हिरवी साडी नेसलेली, हातात कोपरापर्यंत बांगड्या. दादा कडक इस्त्रीच्या कुडत्यात, खांद्यावर नवा दुपट्टा. सिस्टर जांभळ्या काठाच्या साडीत इतक्या वेगळ्या दिसत होत्या की मी त्यांना क्षणभर ओळखलं नाही. मोबाइलवर आरत्या लावलेल्या. शेडमध्ये धूप, झेंडू आणि मशीनच्या तेलाचा वास एकत्र झाला होता, आणि तो वास मला फार आवडला.

माझं काम पेढ्यांचं ताट धरायचं. मी माझ्या नेहमीच्या जागी, दाराशी उभी राहिले. आणि बघता बघता लक्षात आलं की खुंट्या रिकाम्या आहेत.

एकही ओढणी नाही, एकही दुपट्टा नाही, एकही शर्ट नाही. कोण लावणार? नव्या साडीवर जुना शर्ट कोण घालणार? बूट मात्र सगळे दाराशी, कारण पूजेला सगळे अनवाणी. मला गंमत वाटली. शेडमध्ये आज एकही नियम चालू नव्हता आणि शेड कधी नव्हे इतकं सुंदर दिसत होतं.

मग मी वर पाहिलं. पत्र्याखाली सोडलेल्या दिव्यांच्या माळा लुकलुकत होत्या. लाल, हिरव्या. दिवे लागलेत म्हणजे मेन चालू आहे. रोषणाईसाठी कोणीतरी तो वर केला होता.

पूजा एकेक मशीन करत ड्रिलपाशी आली. ड्रिल मशीन शेडच्या मधोमध, उभं, माणसाएवढं. दादानं त्याच्यासाठी सगळ्यात लांब माळ ओवली होती. ती घसरत होती म्हणून त्यानं तिचे दोन वेढे चकला मारले आणि उरलेलं टोक खाली सोडलं.

“मुहूर्त काकूच्या हातून,” काका म्हणाले. “तिच्याच गाडीचं काम हाये पुढं.” मला ते ऐकून फार बरं वाटलं.

काका समोर दगड ठेवून नारळ घेऊन उभे राहिले. त्यांच्या कारखान्याची जुनी रीत अशी की नारळ फुटणं आणि मशीन फिरणं एकाच क्षणी झालं पाहिजे. दादा बाजूला हिरव्या बटणावर अंगठा ठेवून उभा राहिला, नजर काकांच्या नारळावर. काकूंनी कुंकवात बोट बुडवलं, हात पुढे केला आणि चकवर बोट टेकवलं. माळेचं लोंबतं टोक त्यांच्या मनगटावर आलं. बांगड्यांच्या मध्ये अडकलं. त्यांनी ते बाजूला केलं नाही, माळ देवाची म्हणून. दुसऱ्या हातानं पदर सावरला, तो मशीनच्या टेबलावर पडला.

मी हे सगळं बघत होते. माझं काम नेहमीच बघायचं होतं. अंगठा, बटण, वेढे, टोक, बांगड्या. काकांनी नारळ डोक्याच्या वर नेला.

माझा उजवा हात वर गेला.

खरंच गेला. ताट डाव्या हातावर, उजवा हात कानाला चिकटून वर. आणि कोणाचंच लक्ष नव्हतं. सगळे नारळाकडे बघत होते.

“बंद!”

तो आवाज कुठून आला ते मला आधी कळलं नाही. पत्र्याखाली बसलेले पारवे एकदम फडफडून उठले आणि खिडकीतून बाहेर गेले. आरती चालू होती मोबाइलवर, बाकी सगळं थांबलं. मी पाहिलं तर सगळे एक पाऊल मागे गेलेले आणि सगळ्यांचे दोन्ही हात वर. दादाचे हात वर. काकूंचे हात वर, बांगड्या कोपराकडे घसरलेल्या, माळेचं टोक तुटून त्यांच्या मनगटाला लटकलेलं. सिस्टरनी आरतीचं ताट तेवढं खाली ठेवलं होतं आणि मग हात वर केले होते.

काकांचेही हात वर होते. नियम असा की हातात असेल ते सोडायचं. काकांनी सोडलं. नारळ त्यांच्या अनवाणी अंगठ्यावर पडला होता.

सिस्टर सरळ चालत गेल्या आणि मेन खाली केला. दिवे विझले. काकूंनी आपल्या मनगटाकडे पाहिलं, मग चकच्या वेढ्यांकडे, मग दादाच्या बटणाकडे. मग त्या आणखी दोन पावलं मागे सरल्या.

“अगं आई,” काका म्हणाले आणि जवळच्या एका रिकाम्या ड्रमवर बसले. अंगठ्याच्या नखाची कड फुटली होती आणि रक्त येत होतं.

सगळे एकदम हलले. कोणीतरी पूजेच्या ताटातली हळद मुठीत घेतली. “लावा हळद, हातातच तर हाये.” दुसरं कोणी म्हणालं चहापत्ती लावा. मी सिस्टरकडे पाहिलं. त्या मेनपाशीच उभ्या होत्या, हात पाठीमागे बांधून. माझ्याकडे बघून त्यांनी हनुवटी जराशी हलवली. तू कर.

“हळद नाही,” मी म्हणाले. “कोणी काही लावायचं नाही.” मग दादाकडे बोट दाखवलं. “तुम्ही पिण्याचं पाणी आणा, स्वच्छ भांड्यात.”

दादा गेला. पळतच गेला.

मी पेटीकडे वळले. तिच्या झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं, वर झेंडूचं फूल, आणि झाकणाभोवती लाल दोरा गुंडाळून गाठ मारलेली. काकू पुढे आल्या. “थांब पोरी. पुजेल पेटी हाये. आज उघडत नसते, उद्या उघडतात.”

आमच्याकडे तसंच असतं. दसऱ्याला पुजलेलं अवजार त्या दिवशी कामाला घेत नाहीत. मुहूर्ताला एकदा फिरवलं की संपलं, दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला विश्रांती. मला हे लहानपणापासून माहीत होतं. आमच्या घरीसुद्धा बाबा त्या दिवशी पेनाला हात लावत नाहीत. आणि पेटी पूजेत मीच ठेवली होती.

मी गुडघे टेकून पेटीला नमस्कार केला आणि दोरा तोडला.

हात धुतले, आधी माझे. हातमोजे घातले. दादानं आणलेलं पाणी अंगठ्यावर ओतलं, गॉज ठेवून दाबलं आणि काकांचा पाय दुसऱ्या ड्रमवर उंच ठेवला.

“थोडी हळद तरी लाव,” काका म्हणाले. “पूजेची हाये.”

“नाही काका.”

“ऐका काका,” दादा म्हणाला. “आताच साऱ्या शेडले हात वर करायले लावले तिनं. तुमचा अंगठा काय चीज हाये.”

कोणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसले, काकासुद्धा, एकदा कळवळून. रक्त थांबलं तेव्हा मी बँडेज बांधलं. सिस्टर तेव्हाच जवळ आल्या. अंगठा हलतो का पाहिलं, बँडेजच्या गाठीवरून बोट फिरवलं, आणि काकांना म्हणाल्या, “दवाखान्यात चला, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. आणि नखावर काही लावू नका, नाहीतर हिला सांगेन.”

काका उठता उठता माझ्याकडे वळले. “मी तुह्याकडे पाठ करून नव्हतो,” ते म्हणाले. “पण मोबाइल चालू होता, लोकं होते, नारळ होता. ऐकू आलं.” त्यांनी कमरेची चावी काढली. मग जरा थांबून पुन्हा कमरेला लावली. “उद्या देतो. आज अवजाराले हात लावत नाई.”

मशीन त्या दिवशी फिरलंच नाही. नारळ मात्र फोडला, सिस्टरनी, दगडावर, मशीनपासून लांब. आम्ही आपट्याची पानं वाटली. मी काकूंना पानं दिली तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ ठेवला. त्यांच्या मनगटावर झेंडूचं एक फूल अजून बांगडीत अडकलेलं होतं.

घरी बाबांना सोनं दिलं. ते पानं हातात घेऊन म्हणाले, “शेडमध्ये आज कोणी तरी लय मोठ्यानं ओरडलं म्हणे. पुलापर्यंत ऐकू गेलं.”

“हो का?” मी म्हणाले. मग म्हणाले, “मीच.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि टीव्हीचा आवाज थोडा वाढवला. आमच्या घरात याला शाबासकी म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मी शेड उघडायच्या आधीच पोचले. काका लंगडत आले. आम्ही सगळ्यांनी मिळून माळा काढल्या आणि तेव्हाच ठरवलं: पुढच्या वर्षी माळ मशीनच्या खांबाला, फिरणाऱ्या भागाला नाही. मेन खाली आणि रोषणाई बॅटरीवर. मुहूर्त करायचाच तर कुंकू लावून सगळे मागे सरल्यावर. पेटीचं सिस्टरनी ठरवलं. पूजा तिचीही होणार, पण दोरा झाकणाला नाही, दांडीला बांधायचा.

खुंट्या भरल्या. मी माझी ओढणी लावली, केस बांधले, डोळ्यांवर सुरक्षेचा चष्मा चढवला. काकांनी चावी माझ्या तळहातावर ठेवली. ती मला वाटलं होतं त्यापेक्षा जड होती आणि तेलानं गुळगुळीत.

पाइप टेबलावरच्या वाइसच्या शिकंज्यात घट्ट धरला. सळई चकमध्ये बसवली, आवळली, चावी काढून खिशात ठेवली. सळईचं टोक माझ्या पंचच्या खळग्यावर आणलं. ते अगदी बरोबर बसलं. आजूबाजूला पाहिलं. कोणाचा हात जवळ नाही, कोणाचा पदर नाही.

“चालू,” मी म्हणाले. शेडच्या टोकाला दादानं मान वर करून पाहिलं.

बटण दाबलं. मशीन फिरलं. दांडा हळूहळू खाली ओढला आणि लोखंडातून चमकता, गरम, कुरळा कीस वर यायला लागला. माझ्या हातातून, पाइपमधून, टेबलातून एकच थरथर जात होती. सळई पलीकडे निघाली तेव्हा दांडा एकदम हलका झाला, आणि मला हसू आलं ते थांबवता येईना. मी मशीन बंद केलं, ते पूर्ण थांबेपर्यंत थांबले.

काकू एवढा वेळ मागे उभ्या होत्या. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, पदर आत खोचलेला. त्या पुढे आल्या, वाकून भोकाकडे पाहिलं. “कसं गोल झालं वं,” म्हणाल्या आणि आत घालून बघायला करंगळी पुढे केली. ताज्या भोकाची कड सुरीसारखी असते.

“काकू,” मी म्हणाले. ओरडावंसुद्धा लागलं नाही.

त्यांनी एक पाऊल मागे जाऊन दोन्ही हात वर केले आणि हसत तशाच उभ्या राहिल्या. मी कानस घेतली आणि कड घासायला लागले. अजून तीन भोकं बाकी होती.